सरळ रेषेने तापमानवाढीचा अंदाज : एका लहान आज्ञावलीचा विचार

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव आहे. कामवारी नदीकाठच्या या गावी कापड विणणारे असंख्य लहानमोठे कारखाने असून देशातील यंत्रमागांच्या अगदी मोठ्या केंद्रांत त्याची गणना होते. सुती धागा दमट हवेत कमी तुटतो, हे विणकराला कोणी शिकवावे लागत नाही. मुंबई परिसरात कापडधंदा स्थिरावला त्याच्या कारणांत येथील हवेचा उल्लेख नेहमीच केला जातो. मात्र जी आर्द्रता धाग्याला मानवते, तीच माग चालविणाऱ्याच्या अंगावरचा घाम सुकू देत नाही. जगाचे सरासरी तापमान किती वाढणार हा प्रश्न अशा गावापुरता विचारला, तर अर्ध्या अंशाचा फरकही महत्त्वाचा ठरतो. आणि म्हणूनच तो अर्धा अंश ज्या गणितातून येतो त्या गणितावर किती विसंबावे, हे तपासणे अगत्याचे होते. प्रस्तुत लेखात या गणिताचे सर्वांत साधे रूप, म्हणजे सरळ रेषेचे समीकरण, संगणकावर कसे मांडावे, त्यातून काय निष्पन्न होते आणि काय निष्पन्न होत नाही, याचा विचार केला आहे. वाचकांस संख्याशास्त्राची प्राथमिक ओळख आहे असे गृहीत धरले आहे. हवामानशास्त्राची ओळख गृहीत धरलेली नाही.

सरळ रेषेने हवामानाचे भाकीत करणे आपल्या देशाला नवे नाही. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती भारतीय वेधशाळांचे प्रमुख झाले व १९२४ पर्यंत त्या पदावर होते. मोसमी पावसाचा, जगातील दूरदूरच्या ठिकाणच्या हवेच्या दाबाशी आणि हिमवृष्टीशी काही सहसंबंध आहे काय, हे त्यांनी शोधले आणि त्या सहसंबंधांवरून समाश्रयणाची, म्हणजे एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधणारी, समीकरणे रचली. पुष्कळ राशींमधून उत्तम जुळणारी तेवढी निवडली, तर ती जुळणी निव्वळ योगायोगाचीही असू शकते, हा इशाराही वॉकर यांनीच १९१४ साली दिला होता. तो इशारा पुढे फारसा कोणी मनावर घेतला नाही. १९८८ पासून भारतीय हवामानखाते वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले सोळा घटकांचे प्रतिमान वापरीत असे. ते शुद्ध सरळ रेषेचे नव्हते, घातांकी समाश्रयणाचे होते. पण तत्त्व तेच. अनेक वर्षे त्याने बरे काम दिले. २००२ साली मात्र त्याने जवळजवळ सर्वसाधारण पावसाचा अंदाज दिला असता प्रत्यक्षात पाऊस सरासरीहून १९ टक्के कमी पडला, आणि पुढच्याच वर्षी ते प्रतिमान बाजूला ठेवण्यात आले. गोवारीकरांचा प्रयत्न त्या काळी मोलाचा होता, याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका नाही. तथापि सोळा घटक आणि हाताशी काही दशकांची नोंद, हे प्रमाणच धोक्याचे होते. या कारणास्तव आपण येथे एकच स्वतंत्र चल घेणार आहोत, आणि तो घेण्यास भौतिक कारण असले पाहिजे असा आग्रह धरणार आहोत.

आता सामग्री पाहू. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे सलग मापन चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांतील मोना लोआ येथे १९५८ साली सुरू केले. पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सरासरी तापमानाची मालिका अनेक संस्था प्रसिद्ध करतात. आपण नासाच्या गॉडार्ड संस्थेची घेऊ. तीत १९५१ ते १९८० या काळाची सरासरी शून्य मानून प्रत्येक वर्षाचा फरक दिलेला असतो. आवृत्तीगणिक शतांशाच्या एखाद्या अंकाचा बदल होतो, तो आपल्या हिशेबाला बाधक नाही. दर दहा वर्षांतून एक वर्ष घेतले तर पुढील कोष्टक मिळते. प्रथम वर्ष, नंतर दशलक्ष भागांतील कार्बन डायऑक्साइडचे भाग, शेवटी तापमानातील फरक अंश सेल्सिअसमध्ये.

१९६० : ३१७ : –०.०३
१९७० : ३२६ : ०.०३
१९८० : ३३९ : ०.२६
१९९० : ३५४ : ०.४५
२००० : ३७० : ०.३९
२०१० : ३९० : ०.७३
२०२० : ४१४ : १.०१

सातच बिंदू घेण्याचा हेतू एवढाच, की विद्यार्थ्याने संपूर्ण गणित आधी कागदावर करावे आणि मग यंत्राचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहावे. प्रत्यक्ष संशोधनात प्रत्येक वर्षाची नोंद घ्यावी लागेल, हे उघड आहे. २००० चे तापमान १९९० हून कमी दिसते, याने कोणी गोंधळून जाऊ नये. त्या वर्षी प्रशांत महासागरात ला निना होती, म्हणजे विषुववृत्तीय भागातील पाणी नेहमीपेक्षा थंड होते. असा वरखाली हेलकावा प्रत्येक वर्षाच्या आकड्यात असतोच.

लघुतम वर्गांची पद्धती लजांद्र यांनी १८०५ साली प्रसिद्ध केली. तिचे सूत्र सर्वांना पाठ असते. तापमान उ आणि स्वतंत्र चल च असेल, तर उ = अ + ब × च या रेषेतील ब हा उतार म्हणजे, च व उ यांच्या आपापल्या सरासरीपासूनच्या विचलनांच्या गुणाकारांची बेरीज, भागिले च च्या विचलनांच्या वर्गांची बेरीज. उतार मिळाला की रेषा दोन्ही सरासरींच्या बिंदूतून जाते एवढ्यावरून अ मिळतो. आज्ञावलीत यासाठी दोन फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत दोन्ही स्तंभांची बेरीज करून सरासरी काढावयाची. दुसऱ्या फेरीत प्रत्येक ओळीची विचलने काढून दोन बेरजा साठवीत जावयाचे. शेवटी एक भागाकार, एक गुणाकार व एक वजाबाकी. फोर्ट्रानमध्ये लिहा वा पायथनमध्ये, वीस ओळींपेक्षा अधिक मजकूर होत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या यंत्राच्या स्मृतीत प्रत्येकी चाळीस बिटांचे २०४८ शब्द मावत असत. आपले हे काम त्यातही ऐसपैस बसले असते.

मग फेऱ्या दोन का? पाठ्यपुस्तकांत एका फेरीचे सूत्रही असते : वर्गांची बेरीज, वजा बेरजेचा वर्ग भागिले बिंदूंची संख्या. बीजगणिताने दोन्ही एकच आहेत. यंत्राच्या दृष्टीने नाहीत. वर्ष हाच च मानला तर आपल्या सात वर्षांच्या वर्गांची बेरीज २,७७,२३,५०० येते आणि वजा करावयाची संख्या २,७७,२०,७००. उरतात २,८००. आठ अंकी दोन संख्यांचे पहिले चार अंक सारखेच असल्याने वजाबाकीत ते नाहीसे झाले. यंत्राने पाच-सहा अंकांपर्यंतच अचूकता राखली, तर उत्तराचे एक-दोन अंकच विश्वासार्ह राहतील. बिंदू अधिक व अंतर लहान असले की प्रकरण आणखी बिघडते. १९९० मधले वर्ष वजा करून दशकांत मोजल्यास च च्या किमती –३ पासून ३ पर्यंत येतात, वर्गांची बेरीज २८ होते, आणि सगळा त्रास मिटतो. संगणकाचे उत्तर दहा दशांश स्थळांपर्यंत छापून येते म्हणून ते तितके खरे असते, हा समज पदव्युत्तर वर्गांतही आढळतो.

अशा रीतीने काळाच्या विरुद्ध रेषा काढली तर उतार दर दशकाला ०.१७ अंश येतो आणि अवशेषांच्या, म्हणजे नोंद व रेषा यांतील फरकांच्या, वर्गांची बेरीज ०.०५३ भरते. रेषा दिसायला चांगली आहे. परंतु तिचा अर्थ काय? काळ काही पृथ्वीला तापवीत नाही. १९६० नंतर जे झाले ते त्याच गतीने होत राहील, एवढेच ही रेषा सांगते. आणि ते का व्हावे याविषयी ती मौन पाळते. दिनदर्शिकेवरून बांधलेला अंदाज हा वर्णनाचा प्रकार आहे. त्याला भाकीत म्हणणे धाडसाचे आहे.

म्हणून आडव्या अक्षावर दुसरी राशी घ्यावी लागते. १८९६ साली स्वीडनचे स्वांटे आऱ्हेनियस यांनी दाखविले, की कार्बन डायऑक्साइड भूमितिश्रेढीने वाढला तर तापमान अंकश्रेढीने वाढते. म्हणजे ३०० चे ६०० भाग झाल्याने जेवढी वाढ होईल, तेवढीच आणखी वाढ होण्यास ६०० चे १२०० व्हावे लागतील. १९३८ साली इंग्लंडमधील गाय कॅलेंडर या वाफेच्या यंत्रांच्या अभियंत्याने जगभरातील स्थानकांच्या नोंदी हातांनी गोळा करून, ही वाढ प्रत्यक्षात सुरू झाली आहे असे प्रतिपादन केले. त्या वेळी फार थोड्यांनी ते मानले. यावरून आपला चल ठरतो : औद्योगिक युगापूर्वीचे प्रमाण २८० भाग धरून, हवेतील प्रमाण भागिले २८० याचा दोन या पायावरील लॉगरिथम. प्रमाण दुप्पट झाले की या चलाची किंमत एकने वाढते, त्यामुळे उताराचा अर्थ सरळ लागतो : दुपटीमागे किती अंश. प्रतिमान अजूनही एकरेषीयच आहे, कारण अ आणि ब हे दोन्ही गुणक रेषीय रीतीनेच येतात. वक्रता आपण चलात आधीच शोषून घेतली. आज्ञावलीत बदल एका ओळीचा.

आता चलाच्या किमती १९६० साठी ०.१७९ पासून २०२० साठी ०.५६४ पर्यंत येतात. उतार मिळतो २.६० अंश, अ मिळतो –०.५१, आणि अवशेषांच्या वर्गांची बेरीज ०.०३४ वर येते. काळाच्या रेषेपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी. उताराची प्रमाण त्रुटी ०.२४ असून पाच मुक्तांशांसाठी ९५ टक्क्यांची मर्यादा काढली तर दुपटीमागे २.६ अधिक-उणे ०.६ अंश असे विधान करता येते. आऱ्हेनियस यांचा मूळ अंदाज पाच ते सहा अंशांचा होता आणि कॅलेंडर यांचा दोन अंशांचा. सात बिंदूंचे आपले गणित या दोघांच्या मध्ये येऊन थांबते.

जुळणी झाली, परीक्षा अजून बाकी आहे. परीक्षेसाठी गणितात न घेतलेले वर्ष हवे. २०२४ साली मोना लोआची सरासरी सुमारे ४२५ भाग होती. काळाची रेषा त्या वर्षासाठी ०.९७ अंश सांगते, कार्बनची रेषा १.०६. नोंद झालेले तापमान १.२८. दोन्ही रेषा कमी पडल्या. मात्र एका नव्या वर्षाच्या अंदाजाची मर्यादा योग्य रीतीने काढली, म्हणजे रेषेची अनिश्चितता व वर्षागणिक होणारा हेलकावा दोन्ही धरले, तर पहिलीला अधिक-उणे ०.३३ व दुसरीला अधिक-उणे ०.२८ अशी जागा द्यावी लागते. प्रत्यक्ष आकडा दोन्हींच्या मर्यादेत, पण वरच्या काठाशी आहे. २०२४ च्या पूर्वार्धात एल निनोचा प्रभाव होता, हे त्याचे एक कारण. एवढ्याने सर्व फरकाचा उलगडा होतो असे मानण्याचे कारण नाही. जो विद्यार्थी केवळ १.०६ हा आकडा सांगेल आणि मर्यादा सांगणार नाही, त्याने अर्धेच गणित केले असे म्हणावे लागेल.

दुसरी परीक्षा मागच्या दिशेने. प्रमाण २८० असताना चल शून्य होतो, म्हणजे अ ही किंमतच औद्योगिक युगापूर्वीचे तापमान सांगते : १९५१–८० च्या सरासरीहून ०.५१ अंश कमी. निरीक्षणांवरून हा फरक ०.३ अंशाच्या आसपास येतो. येथे रेषा चुकते, आणि तिचे चुकणे फार बोलके आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास कोळशाच्या धुरातून गंधकयुक्त सूक्ष्म कण हवेत मोठ्या प्रमाणावर साठले. ते सूर्यप्रकाश परत फेकतात आणि तापमानवाढ झाकून टाकतात. पुढे पाश्चात्य देशांत ही हवा स्वच्छ होत गेली व झाकलेली वाढ प्रकट झाली. शिवाय मिथेन व नायट्रस ऑक्साइड हे वायूही कार्बन डायऑक्साइडबरोबरच वाढत होते. आपल्या प्रतिमानात चल एकच असल्याने या सर्वांचे श्रेय व अपश्रेय त्या एकाच्या उतारात जमा झाले आहे. त्यामुळे २.६ ही संख्या शुद्ध कार्बन डायऑक्साइडची संवेदनशीलता नव्हे. आंतरसरकारी हवामानबदल मंडळाच्या २०२१ च्या सहाव्या अहवालात, प्रमाण हळूहळू दुप्पट होताना त्या क्षणी होणारी वाढ १.८ अंश, आणि समुद्र पुरता तापून समतोल आल्यानंतरची ३ अंश, असे अंदाज दिले आहेत. आपला आकडा या दोहोंच्या मध्ये पडतो. पण तो दोहोंपैकी कशाचेच मापन करीत नाही.

मिथेन, धूलिकण वगैरे चल वाढवून हा दोष दूर करावा, असे सुचणे स्वाभाविक आहे. परंतु हे सगळे चल एकमेकांबरोबर वाढलेले असल्याने त्यांचे उतार वेगळे करणे लघुतम वर्गांना जमत नाही. एकाचा उतार अवास्तव चढतो, दुसऱ्याचा उणे होतो आणि बेरीज मात्र सुरेख जुळते. सोळा घटकांची गोष्ट वर सांगितलीच आहे. यावर उपाय अधिक चलांचा नाही, अधिक भौतिकीचा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने वातावरण, समुद्र व भूपृष्ठ यांची समीकरणे एकत्र सोडविणारे पृथ्वी-प्रणालीचे प्रतिमान तयार केले व ते आंतरराष्ट्रीय तुलनेतही सहभागी झाले. तेथे प्रत्येक कारण वेगळे चालू-बंद करून पाहता येते.

गंमत अशी की त्या अवाढव्य प्रतिमानांच्या पोटातूनही शेवटी एक सरळ रेषा बाहेर पडते. आतापर्यंत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडची एकूण बेरीज आडव्या अक्षावर घेतली, तर तापमान तिच्या जवळजवळ सरळ प्रमाणात वाढते : दर एक लाख कोटी टनांमागे सुमारे ०.४५ अंश. १८५० ते २०१९ या काळात २.३९ लाख कोटी टन सोडले गेले. गुणाकार करा : १.०८. मानवी कारणांनी झालेली वाढ त्याच अहवालात १.०७ अंश दिली आहे. हवेतील प्रमाण वाढेल तसा प्रत्येक नव्या टनाचा परिणाम लॉगरिथममुळे घटतो. पण त्याच वेळी समुद्र व वनस्पती यांची शोषणशक्ती मंदावते, आणि दोन वक्रता एकमेकींना जवळजवळ रद्द करतात. येथे रेषा सरळ येण्यास कारण आहे, म्हणूनच ती काळाच्या रेषेपेक्षा अधिक भरवशाची.

ही सर्व सरासरी जगाची झाली. भिवंडीपर्यंत यायचे तर आणखी एक पायरी लागते, आणि ती सर्वांत निसरडी आहे. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते : १८५०–१९०० च्या तुलनेत २०११–२०२० या दशकात जमिनीवर १.५९ अंश व समुद्रावर ०.८८ अंश वाढ झाली होती. पण भारताची सरासरी वाढ १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश एवढीच होती. धूलिकणांचे आवरण व ओलिताखालील जमीन यांचा त्यात वाटा मानला जातो. सबब जगाचा आकडा जसाच्या तसा गावाला लावता येत नाही. स्थानिक तापमान विरुद्ध जागतिक तापमान अशी दुसरी रेषा काढून तिचा उतार शोधावा लागतो. त्यासाठी लांब व सलग मालिका हवी. जवळची मालिका मुंबईची आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. तिचे चुंबकीय मापन विजेच्या ट्रामच्या उपद्रवामुळे १९०४ साली अलिबागेस हलवावे लागले. ट्रामने होकायंत्राची सुई हलते. तशीच भोवतालच्या वाढत्या शहराने तापमापकाची नोंद हळूहळू सरकते, आणि ते सरकणे ट्रामसारखे कोणाच्या नजरेत भरत नाही. समुद्रात शिरलेले कुलाबा, उपनगरातले सांताक्रूझ आणि खाडीच्या आत असलेली भिवंडी, यांची हवा एक नाही हेही ध्यानात ठेवावे.

आणि मागाच्या छपराखाली गेल्यावर सरळ रेषा पूर्णच सुटते. तेथे महत्त्व आहे ओल्या फडक्याच्या तापमापकाला, म्हणजे घाम सुकून शरीर जितके थंड होऊ शकते त्या मर्यादेला. समजा हवा ३३ अंश आहे. आर्द्रता ४० टक्के असेल तर ओला तापमापक सुमारे २३ दाखवील. ८० टक्के असेल तर ३०. शरीराच्या सहनशक्तीची तात्त्विक मर्यादा ३५ मानली जात असे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, निरोगी तरुणांवरील प्रयोगांत दमट हवेतील मर्यादा ३१ च्या आसपास आढळली, तीही हलक्या हालचालीत. आर्द्रता तीच राहिली आणि हवा एका अंशाने तापली, तर ओला तापमापकही जवळजवळ एक अंश चढतो. म्हणजे ३० चे ३१. सरासरी वाढ रेषेने होते. माणसाचे काम थांबते ते उंबरठ्यावर. १९४८ च्या कारखाने कायद्यात वायुवीजन व तापमान यांसाठी एक आणि कृत्रिम आर्द्रतेसाठी एक, अशी स्वतंत्र कलमे घातली गेली होती, यावरून या दोन गोष्टींचा संबंध कायदा करणारांना ठाऊक होता हे दिसते.

विभागातील विद्यार्थ्यांसाठी काम असे निघते. सांताक्रूझची मासिक मालिका घ्यावी, कोरड्या व ओल्या तापमापकांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, आणि मे व ऑक्टोबर या दोन महिन्यांसाठी जागतिक तापमानाविरुद्धचा उतार स्वतंत्रपणे काढावा. वार्षिक सरासरीत हे दोन महिने बुडून जातात. लागोपाठच्या वर्षांचे अवशेष परस्परांशी निगडित असतात, त्यामुळे मुक्तांश मोजताना वर्षांची पूर्ण संख्या धरू नये. शक्य झाल्यास भिवंडीतील दोन-तीन मागशाळांत, मालक व कामगार यांच्या संमतीने, वर्षभर दोन्ही तापमापक टांगून आतील व बाहेरील फरक नोंदवावा. तो फरक किती आहे हे कळल्याखेरीज वरची कोणतीही रेषा मागापर्यंत पोहोचत नाही.